फुगडी रेणूंची

लेसर कटिंगच्या दुकानात तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. प्रोजेक्टचं मॉडेल, गॅदरिंगच्या ट्रॉफ्या, मेकॅनिकलवाल्यांचे ॲक्रिलिकचे गिअर, सगळं तिथं कापून मिळतं. त्या यंत्रातल्या लांब काचेच्या नळीत बहुधा कार्बन डायऑक्साइड लेसर असतो आणि माहितीपत्रकात एक आकडा छापलेला असतो: १०.६ मायक्रॉन. ही त्या प्रकाशाची तरंगलांबी.

या आकड्यात एक गंमत आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू एका प्रकारच्या कंपनातून दुसऱ्या, कमी ऊर्जेच्या कंपनात उतरतो आणि तेव्हा हा प्रकाश बाहेर पडतो, असं आपण वाचतो. पण त्या दोन कंपनांच्या ऊर्जेतला निव्वळ फरक काढला तर उत्तर येतं १०.४ मायक्रॉन! मग वरचे ०.२ मायक्रॉन आले कुठून? ते आले रेणूच्या गिरकीतून. रेणू नुसता थरथरत नाही, त्याच वेळी तो फिरतही असतो. कंपनातून उतरता उतरता त्याची गिरकी एका पायरीने वाढते, थोडी ऊर्जा तिकडे जाते आणि फोटॉनच्या वाट्याला तेवढी कमी येते. ऊर्जा कमी, म्हणून तरंग लांब.

हा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी बनवला. पटेलांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा, आणि ते बी. ई. झाले पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून, १९५८ साली. त्यांच्या त्या वर्षीच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच कंपन आणि परिवलन हे दोन्ही शब्द जोडीने आले आहेत. म्हणजे आपल्या शेजारच्या दुकानातलं यंत्र ज्या गोष्टीवर चालतं ती गोष्ट पहिल्यापासूनच जोडीची आहे. ही जोडी नेमकी कशी चालते आणि लेसरचा छोटासा धक्का बसला की तिचं काय होतं, ते बघू.

फर्स्ट इयरला (आणि केमिकलवाल्यांना पुढे पुन्हा एकदा) हा विषय दोन वेगळ्या धड्यांत येतो. पहिल्या धड्यात रेणू म्हणजे ताठ दांड्याला लावलेले दोन गोळे, ते फक्त फिरतात. दुसऱ्यात तेच गोळे स्प्रिंगला लावलेले, ते फक्त थरथरतात. मग शेवटी एक वाक्य, की दोन्ही ऊर्जांची बेरीज करा. पाच मार्कांना एवढं पुरतं. ओरलला कोणी "दांडा ताठ की स्प्रिंग, एक काय ते ठरव" असं विचारत नाही हे आपलं नशीब!

आता हायड्रोजन क्लोराइडचा, म्हणजे एचसीएलचा, खरा स्पेक्ट्रम घ्या. आकडे "इन्व्हर्स सेंटिमीटर"मध्ये देतो, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग मावतात ते. आकडा मोठा तितकी ऊर्जा जास्त. ३० ने गुणलं की साधारण गिगाहर्ट्‌झ मिळतात. एचसीएलच्या कंपनाचा मध्य २८८६ वर आहे. रेणू प्रकाश शोषून थरथरायला लागतो तेव्हा त्याची गिरकी एका पायरीने वाढते किंवा एका पायरीने कमी होते. वाढली तर मध्याच्या वरच्या बाजूला रेषांची एक रांग मिळते, तिला आर शाखा म्हणतात. कमी झाली तर खालच्या बाजूची पी शाखा. बेरजेच्या हिशोबाने सगळ्या रेषा समान अंतरावर, सुमारे २१ वर यायला पाहिजेत. प्रत्यक्षात आर शाखेतली अंतरं आहेत १९.७, १९.०, १८.४ अशी आकसत जाणारी, आणि पी शाखेतली २१.५, २२.१, २२.६ अशी फाकत जाणारी. हा यंत्राचा दोष नाही, रेणूच तसा आहे.

कारण समजायला फुगडी आठवा. दोघी हात धरून, मागे रेलून गरगर फिरतात. हात लांब सोडले की वेग मंदावतो, एकमेकींजवळ आल्या की वाढतो. आता कल्पना करा की हात रबराचे आहेत आणि फिरता फिरता ते सतत आखूड-लांब होताहेत. एचसीएलमध्ये नेमकं हेच चाललेलं असतं, फक्त वेग अफाट. एक कंपन होतं साधारण साडेअकरा फेम्टोसेकंदांत, आणि नेहमीच्या तापमानाला एक गिरकी पूर्ण होईपर्यंत चाळीसेक कंपनं होऊन जातात. (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एकशे... नको, दहाचा उणे पंधरावा घात. सोपं पडतं.) त्यामुळे गिरकीला प्रत्येक क्षणाची लांबी कळतच नाही, तिला कळते ती सरासरी. आणि सरासरी तरी कशाची? लांबीची नाही, तर लांबीच्या वर्गाच्या व्यस्ताची. कारण फिरण्याची ऊर्जा त्यावर ठरते.

इथे थोडं थांबू, कारण पुस्तकं इथे घाई करतात. लांबी १ धरा. कंपनात ती ०.९ आणि १.१ होते असं माना. व्यस्त वर्ग येतात १.२३ आणि ०.८३. सरासरी १.०३, म्हणजे एकापेक्षा जास्त! याचा अर्थ स्प्रिंग अगदी आदर्श असती तर थरथरणारा रेणू न थरथरणाऱ्यापेक्षा किंचित जोरात फिरला असता. पण मोजलं तर उलटं दिसतं. का? कारण रेणूतला बंध आदर्श स्प्रिंगसारखा वागत नाही. दाबायला तो फार कडक, ताणायला सैल. जास्त थरथरला की तो दाबला जाण्यापेक्षा ताणलाच जास्त जातो, सरासरी लांबी वाढते आणि गिरकी मंदावते. दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. पेकेरिस यांनी १९३४ साली याचं सूत्र मांडलं. त्यात एचसीएलचे आकडे घातले तर पहिला परिणाम फिरण्याच्या स्थिरांकाला, ज्याला बी म्हणतात, ०.२२ ने वर ढकलतो आणि दुसरा ०.५० ने खाली ओढतो. निव्वळ घट ०.२८. मोजलेली घट ०.३० च्या आसपास. मूळ बी आहे साडेदहा, म्हणजे कंपनाची एक पायरी चढली की गिरकीचा स्थिरांक तीन टक्क्यांनी उतरतो. ते तीन टक्केच रेषांना एका बाजूला आकसवतात आणि दुसऱ्या बाजूला फाकवतात.

आता पटेलांच्या लेसरकडे. कार्बन डायऑक्साइडमध्येही अशीच पी आणि आर शाखा असते, फक्त ऑक्सिजनच्या दोन सारख्या अणूंमुळे एक आड एक पायरी गायब असते. हिशोबाने दातांमधलं अंतर यायला हवं १.५६. प्रत्यक्षात पी शाखेत विसाव्या रेषेपाशी ते १.८ आहे आणि आर शाखेत १.३. कंगवा एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट. लेसर सावकाश चालत असतो तेव्हा याची फिकीर नसते. वायूतल्या टकरांमुळे गिरक्यांची वाटणी इतक्या पटकन पुन्हा सारखी होते की एकच रेषा, बहुधा पी-२०, जिंकते आणि बाकीच्यांचीही ऊर्जा ओढून घेते. म्हणून १०.६!

पण याच वायूतून काही पिकोसेकंदांची पल्स मोठी करायची म्हटली की गाडी अडते. इतकी छोटी पल्स म्हणजे वारंवारतांचा रुंद पट्टा. वायू त्या पट्ट्यातली फक्त दातांवरची वारंवारता वाढवतो, मधली तशीच सोडतो. ईएनटीसीवाल्यांनी फूरियर ट्रान्सफॉर्म डोळ्यांपुढे आणावा: वारंवारतेत कंगवा म्हणजे वेळेतही कंगवा. दातांचं अंतर १.८ म्हणजे ५४ गिगाहर्ट्‌झ, त्याचा व्यस्त सुमारे १८ पिकोसेकंद. आत एक पल्स जाते, बाहेर १८ पिकोसेकंदांच्या अंतराने पल्सची आगगाडी येते. उपाय दोन आहेत. वायूचा दाब दहा वातावरणांच्या आसपास किंवा त्याहून वर न्यायचा, म्हणजे दात रुंदावून एकमेकांत मिसळू लागतात. किंवा ऑक्सिजनचे दोन वेगळे समस्थानिक मिसळायचे, म्हणजे रेणूची सममिती मोडते, गायब झालेल्या पायऱ्या परत येतात आणि मधल्या फटी भरतात. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत हा दुसरा उपाय वापरलेला आहे. मला तो फार आवडतो, कारण यात यंत्राचा एकही पार्ट बदलावा लागत नाही, बदलतो तो रेणू.

इथपर्यंत गिरकीने त्रासच दिला. आता तिने केलेली मदत.

१९७० च्या दशकात लेसरवाल्यांचं एक मोठं स्वप्न होतं. प्रत्येक बंधाची कंपनाची वारंवारता वेगळी असते, तर मग बरोबर त्याच वारंवारतेचा लेसर मारून आपल्याला हवा तोच बंध कात्रीने कापल्यासारखा तोडता येईल. प्रयोगाला सापडला सल्फर हेक्साफ्लोराइड, इलेक्ट्रिकलवाल्यांच्या सर्किट ब्रेकरमधला ओळखीचा वायू. त्याचं एक कंपन ९४८ वर आहे आणि पटेलांच्या लेसरची पी-२० रेषा ९४४ वर. जवळजवळ एकाच घरातली. १९७५ च्या सुमारास सोव्हिएत संघात लेतोखोव यांच्या गटाने आणि अमेरिकेत लॉस अलामॉसला दाखवून दिलं की या लेसरच्या जोरदार पल्सने हा रेणू फुटतो, आणि वायूत सल्फरचे दोन समस्थानिक असतील तर हवा तोच फुटतो.

यात कोडं असं होतं. रेणू फुटायला तीसपेक्षा जास्त फोटॉन लागतात, एकामागून एक. पण आपण वर पाहिलं तसा बंध आदर्श स्प्रिंग नाही, त्यामुळे कंपनाची प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा बुटकी. लेसरची वारंवारता मात्र ठरलेली. पहिली पायरी जुळली तर दुसरी जुळणार नाही, तिसरी तर नाहीच. जिन्याच्या पायऱ्या वर वर बुटक्या होत जाताहेत आणि तुमचं पाऊल मात्र दर वेळी तेवढंच उंच पडणार, असं काहीसं. मग रेणू चढला कसा?

गिरकीने हिशोब जुळवला. समजा पहिल्या उडीत रेणूने कंपन वाढवताना गिरकी एका पायरीने सोडली. ही पी उडी. गिरकीतली सुटलेली ऊर्जा कंपनाला मिळाली, त्यामुळे उंच पायरी चढायलाही छोटा फोटॉन पुरला. दुसऱ्या उडीत गिरकी जशीच्या तशी, तिला क्यू म्हणतात. तिसऱ्या उडीत पायरी आणखी बुटकी, फोटॉनची ऊर्जा जास्त होते, तर ती जास्तीची गिरकीत टाकली. ही आर उडी. पी, क्यू, आर. खिशातले सुटे पैसे देऊन-घेऊन तीनही वेळा बिल चुकतं केलं! गिरकीची योग्य पायरी ज्यांच्याकडे होती तेच रेणू असे चढले, आणि समस्थानिकाची निवडही याच पहिल्या काही उड्यांत झाली.

या रेणूत आणखी एक भानगड आहे. फ्लोरीनचे सहा अणू सर्व बाजूंना सारखे असल्यामुळे हे कंपन तीन दिशांना होऊ शकतं, आणि दोन दिशांची कंपनं मिळून स्वतःच गोल फिरू शकतात. म्हणजे कंपनाचीच एक छोटी गिरकी तयार होते. ती रेणूच्या मोठ्या गिरकीशी कोरिऑलिस बलाने जोडली जाते, बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांना वळवणारं तेच हे बल. परिणाम असा की रेषांमधलं अंतर साध्या हिशोबाच्या जेमतेम एक-तृतीयांश उरतं. हे जोडकाम लक्षात घेतल्याशिवाय या रेणूचा स्पेक्ट्रम वाचताच येत नाही.

कात्रीचं स्वप्न मात्र अर्धवटच खरं झालं. सुरुवातीच्या पायऱ्या चढल्यावर पुढे पातळ्या इतक्या दाट होतात की एका कंपनात घातलेली ऊर्जा पिकोसेकंदांत बाकीच्या कंपनांमध्ये पसरते, आणि त्या गळतीत कोरिऑलिसचाही हात असतो. शेवटी तुटतो तो सर्वांत कमकुवत बंध, तुम्ही निवडलेला असेलच असं नाही. समस्थानिक वेगळे करायला एवढं चालतं. मनासारखी रसायनं घडवायला चालत नाही.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला: ऊर्जा पसरायच्या आत, रेणू थरथरत आणि फिरत असतानाच त्याला बघता येईल का? कॅल्टेकमध्ये अहमद झेवैल यांनी ते केलं आणि १९९९ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९० साली त्यांच्या गटाने आयोडीनच्या रेणूचं कंपन आणि परिवलन दोन्ही वेळेनुसार मोजून दाखवलं. पद्धत ऐकायला सोपी. एक फेम्टोसेकंद पल्स रेणूला उत्तेजित करते, दुसरी थोड्या वेळाने येऊन त्याची स्थिती विचारते. उशीर घडवायचा आरसा सरकवून: आरसा १५ मायक्रॉन मागे घेतला की प्रकाशाला ३० मायक्रॉन जास्त जावं लागतं, म्हणजे १०० फेम्टोसेकंदांचा उशीर. स्क्रूगेजच्या प्रॅक्टिकलला नाकं मुरडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आयोडीनचं उत्तेजित अवस्थेतलं एक कंपन सुमारे ३०० फेम्टोसेकंदांचं, त्यामुळे सिग्नल दर ३०० ला वरखाली होतो. पण त्याच वेळी रेणू फिरतही असतात. पहिल्या पल्सचा प्रकाश ज्या दिशेने ध्रुवित असतो, त्या दिशेला तोंड असलेले रेणू ती जास्त निवडते, आणि मग ते वळून निघून जातात. दुसरी पल्स समांतर ध्रुवित ठेवली की एक आलेख मिळतो, काटकोनात ठेवली की दुसरा. दोघांच्या फरकात गिरकी दिसते. आणि गिरकी नकोच असेल, नुसतं कंपन हवं असेल, तर कोन ठेवायचा ५४.७ अंश. त्या कोनात गिरकीचा परिणाम बरोबर शून्य होतो. या कोनाला जादूचा कोन म्हणतात, जरी त्यात जादू काहीच नाही, तीन गुणिले कोसाइन वर्ग बरोबर एक, एवढंच आहे.

गिरकी काही पिकोसेकंदांत विस्कळीत होते. लेझीम पथकात सगळ्यांनी एकाच ठेक्यावर सुरुवात करावी आणि प्रत्येकाने आपापल्या वेगाने खेळावं, तसं. पण इथे क्वांटम नियम मदतीला येतो. रेणू वाटेल त्या वेगाने फिरू शकत नाही, ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि या पायऱ्यांमधले सगळे फरक बीच्या दुपटीच्या पूर्ण पटीत असतात. म्हणून एका ठराविक वेळेनंतर सगळं पथक पुन्हा एका ठेक्यावर येतं! आयोडीनमध्ये ही वेळ ६०० पिकोसेकंदांच्या आसपास आहे, म्हणजे मधे दोन हजार कंपनं होऊन गेलेली असतात.

आता दोन्ही धडे एकत्र करा. ५० फेम्टोसेकंदांच्या पल्सचा पट्टा सुमारे २९० रुंद असतो आणि आयोडीनच्या त्या कंपनपायऱ्यांमधलं अंतर सुमारे ११०. म्हणजे पल्स एकदम दोन-तीन कंपनपायऱ्या उचलते. प्रत्येक पायरीचा बी थोडा वेगळा. स्थिरांक घालून कॅल्क्युलेटरवर करून बघा: नवव्या पायरीचं पथक जमतं सुमारे ६०६ पिकोसेकंदांनी, दहाव्याचं ६०९ ने. तीन पिकोसेकंदांचा फरक ऐकायला किरकोळ, पण तेवढ्यात दहा कंपनं बसतात. पुनर्मिलनाचं टोक त्यामुळे बोथट होतं. कंपन आणि परिवलन खरोखर स्वतंत्र असते तर ते धारदार राहिलं असतं. हा बोथटपणा मोजला की बंध किती सैल आहे ते कळतं.

शेवटचा प्रयोग मला सर्वांत धाडसी वाटतो. आतापर्यंत कंपन गिरकीला बदलत होतं. उलट करायचं तर? कॅनडातल्या ओटावा इथे कॉर्कम यांच्या गटाने १९९९ साली कल्पना मांडली आणि २००० साली करून दाखवली: प्रकाशाची सेंट्रिफ्यूज. जोरदार लेसरच्या विद्युतक्षेत्रात लांबुळका रेणू त्या क्षेत्राच्या दिशेला वळतो. मग ती दिशाच फिरवली तर रेणू मागोमाग फिरणार. एकमेकांच्या उलट फिरणाऱ्या दोन वर्तुळाकार ध्रुवित पल्स घ्यायच्या, एकीची वारंवारता वाढत जाणारी, दुसरीची घटत जाणारी. दोघींची बेरीज म्हणजे वाढत्या वेगाने फिरणारी सरळ दिशा. अशा ताणलेल्या जोरदार पल्स बनवण्याचं तंत्र स्ट्रिकलंड आणि मूरू यांचं, १९८५ चं, ज्याला २०१८ चं नोबेल मिळालं.

क्लोरीनचा रेणू ५० पिकोसेकंदांत जवळपास शून्यावरून सेकंदाला सहा लाख कोटी फेऱ्यांपर्यंत गेला. आरपीएममध्ये ३६० लाख कोटी. गिरकीची पायरी सुमारे ४२०. आणि तिथे बंध तुटला. एकही फोटॉन थेट बंधावर न मारता, गोफणीतून दगड सुटावा तसे दोन अणू सुटले. ताठ दांड्याचा हिशोब केला तर इथे फिरण्याची ऊर्जा ४३ हजार येते, आणि क्लोरीनचा बंध तुटायला २० हजार पुरतात. इतका तो हिशोब कोलमडलेला असतो. क्लोरीनचं कंपन सेकंदाला सतरा लाख कोटी वेळा होतं. एचसीएलमध्ये एका गिरकीत चाळीस कंपनं होती, इथे तीनही नाहीत.

२०११ साली मेरीलँड विद्यापीठात कार्बन डायऑक्साइडला याच सेंट्रिफ्यूजमध्ये घातलं आणि २२० च्या आसपासच्या पायरीवर नेलं. दुकानातल्या नळीत हाच रेणू विसाव्या पायरीवर असतो. २२० वर एका पायरीवरून खालच्या पायरीवर उतरायला साधारण ३४० एवढी ऊर्जा सोडावी लागते, आणि नेहमीच्या तापमानाच्या उष्णतेत सरासरी २०८ च असते. त्यामुळे शेजारचा रेणू येऊन आदळला तरी ही गिरकी सहजासहजी थांबत नाही.